थोरलीला पिंजरा मान्य नाही

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढा). तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मांजरं मजेत आहेत आणि मी त्यांच्या दिमतीला आहे.

तू लेकीकडे राहायला गेलीस आणि मागच्या जिन्यातलं तुझं मांजरखातं आपोआप माझ्या गळ्यात पडलं. पिल्लं वाढली, भांडणं वाढली, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी सगळ्यांना पोत्यात घालून गावाबाहेर सोडायचं ठरवलं. मी कधी नव्हे तो बैठकीत बोललो. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनीही समजावलं, की ही नेऊन सोडली तर त्यांच्या जागी दुसरी येतील. त्यापेक्षा पकडायची, ऑपरेशन करायचं, खूण म्हणून कानाचं टोक कापायचं आणि पुन्हा इथेच सोडायची. सेक्रेटरी कबूल झाले, पण महिनाअखेरीस एकही मांजर ऑपरेशनातून सुटलेलं दिसलं तर सगळी पोत्यात, या अटीवर.

बाकीची सापडली. (एक बोका तर कान कापून आल्यावरही मासळीसाठी रोज पिंजऱ्यात जाऊन बसतो.) पण सगळ्यांची आई, तुझी थोरली, पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. तू संध्याकाळी पायरीवर बसून ताटलीवर चमचा वाजवायचीस, ‘या गं बयांनो’ म्हणायचीस आणि मी आतून चहासाठी ओरडायचो, ते आठवलं. मग तुझी विटकी शाल पांघरली, चमचा वाजवला आणि आवाज बारीक करून हाक मारली. थोरली आली नाही. तळमजल्यावरचे शिंपीकाका मात्र गळ्यात टेप तशीच लटकत ठेवून धावत आले. “ताई, कधी आलात?” मला बघून त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग आम्ही दोघं पायरीवर बसून तुझ्याच गोष्टी करत राहिलो. चहा मीच केला. तुझ्यासारखा होत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम हे, की दोन दिवस येऊन थोरलीला हाक मार. नाहीतर पोती तयारच आहेत.

पुन्हा ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधीच थोरली सापडली. पिंजऱ्यात तुझी शाल अंथरली (कल्पना शिंपीकाकांची), तर आत जाऊन चक्क झोपली. ऑपरेशन नीट झालं, कानाला खूण झाली, पोती माळ्यावर गेली. तेव्हा तू यायचं काही कारण उरलेलं नाही. ती संध्याकाळी पायरीवर बसून तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहते, आणि तिच्या शेजारी मी. तुझी फार आठवण येते, ताई. बिनकारणच ये.