ट्यूब कुणी निवडली

पिंगळी,
ता. १८ नोव्हेंबर १९५६

चि. दैवशाला हिस लिंबाजीचा आशीर्वाद. तुझ्या नावामागं गं. भा. लिहायची रीत हाय, पण दोन वर्षं झाली तरी माझा हात तिथं चालत न्हाई. तुझ्या सासूबाई केवळाआत्यांना दंडवत. आबासाहेब मास्तरांना नमस्कार, कारण हे पत्र तेच वाचून दाखवणार आणि आत्या शेजारी बसून ऐकणार, हे मला ठाऊक हाय.

हिकडं सगळं ठीक. आईचे गुडघे लय दुखायलेत, पण तोंड पहिल्यासारखंच चालतंय. सून भाकर जाड थापती म्हणून रोज कटकट. परवा चावडीत सांगितलं, आपला जिल्हा आता हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला. आई विचारायलीय, मग आता मुंबईला जायला तिकीट लागंल का न्हाई.

तळं औंदा काठोकाठ भरलंय. मी मात्र उतरत न्हाई. जाळी माळ्यावर टाकली आणि लोकांच्या वावरात मजुरीला जायलोय. आई कारण विचारती. मी कंबर धरल्याचं सांगतो.

तू दिवाळीला आली न्हाईस. मागल्या वर्षीबी न्हाई. मुराळी म्हणून न्यायला मीच यायला पाहिजे होतं, पण मला तोंड कुठं होतं? आईला सांगितलं, सुगीचे दिवस हायत, सासरचे सोडत न्हाईत. खोटं बोलायला मी चांगला सरावलोय.

गेल्या आठवड्यात चतुराबाई मावशी पालमच्या बाजारावरून आली. तिच्याकडून कळलं की केवळाआत्या अजून तुला नावानं हाक मारीत न्हाईत, ‘ट्यूब निवडणारी’ म्हणतात. कुणाच्या हळदीकुंकवाचं तर सोडच, घरच्या बारशालाबी तुला माजघरात बसवलं म्हणं. आणि तू खाली मान घालून म्हणालीस, बरोबर हाय, मीच निवडली. मावशी रडत सांगत होती. मी जेवता जेवता ताटावरून उठलो.

मास्तर, आता हितून पुढं थांबू नका. आत्या उठायला लागल्या तर त्यांना बसवा.

दैवशाला, तुला आठवत असंल, दोन वर्षांमागं तू, दाजी आणि केवळाआत्या आपल्याकडं दिवाळीला आला होता. परभणीच्या मोंढ्यात व्यंकटराव लॉरीवाल्यानं दोन जुन्या ट्यूबा काढून ठेवल्या होत्या. दाजीला तळ्यात बसून मासे धरायला एक पाहिजे होती, म्हणून तू, दाजी आणि मी बघायला गेलो. एक मोठी, तीन ठिगळांची. एक लहान, एकाच ठिगळाची. दाजीचं मन मोठीवर होतं. तू म्हणालीस, हिचं मधलं भोक केवढं, माणूस बसला तर खालून निसटून जाईल. लहान घ्या. मग हौदात दाबून बघितली, एक बुडबुडा आला न्हाई. तू नवारीची बैठक शिवलीस, पाय घालायला दोन फासे केलेस, म्हणजे दाजी मधी बसून दोन्ही हात मोकळे ठेवून जाळं टाकील. एवढी चांगली निवड आमच्यातल्या कुण्या गड्यालाबी जमली नसती. हे मी तवाच सगळ्यांपुढं सांगायला पाहिजे होतं.

मग तळ्यात उतरलो त्या दिवशी दाजी ट्यूबवर होता आणि मी माझ्या जुन्या सांगडीवर, दोन वाळक्या भोपळ्यांवर. जाळं दोघांच्या मधी. माझ्या बाजूला शिंगटा लागला, हातभर. शिंगट्याच्या पाठीवरचा काटा तुला माहीत हाय, हातात घुसला की आठ दिवस ठणका. म्हणून आमी काय करतो, मासा भोपळ्याला दाबून धरतो आणि काटा मुरगाळून मोडतो. बापानं तसंच शिकवलं, मी लहानपणापासून तसंच करत आलो. भोपळ्याला काही होत न्हाई.

त्या टायमाला माझे भोपळे मागं होते आणि दाजीची ट्यूब हाताशी होती. मी मासा ट्यूबला दाबला.

दाजीनं न्हाई, मी दाबला. काटा रबरात गेला. मी उपसला तवा हवा सुटल्याचा आवाज आला. दाजी म्हणाला, ‘‘लिंबाजी, हवा जायलीय. काठाला चल.’’

मी म्हणालो, ‘‘काठ कुठं पळतोय? आधी जाळं आवरू.’’

जाळं भरलं होतं, दैवशाला. जड लागत होतं. दाजीनं माझं ऐकलं, कवाबी ऐकायचा, मी वयानं मोठा म्हणून. आमी जाळं ओढत राहिलो आणि ट्यूब मऊ पडत गेली. मग ती एकदम दुमडली. दाजीचे पाय फाशात, वरून जाळं. पोहायला तो माझ्यापेक्षा चांगला, पण पायच मोकळे नव्हते. मी बुडी मारली, तीनदा मारली, विळा सांगडीला बांधलेला होता तो सोडून आणला. नवार कापली तवर उशीर झाला होता.

काठावर माणसं जमली. कुणीतरी ट्यूब बघून म्हणालं, ठिगळ उचकटलं असंल. केवळाआत्यांनी विचारलं, ही कुणी निवडली? तू रडत म्हणालीस, मी. मी तुझ्यापासून चार हातांवर उभा होतो. अंगावरून पाणी गळत होतं. मला वाटलं, दहावा झाल्यावर सांगू. मग वाटलं, वर्षश्राद्ध होऊ द्यावं. भ्याड माणसाला कारणं कमी पडत न्हाईत.

काल मी ट्यूब काढून हवा भरली आणि शेजाऱ्यांच्या देखत हौदात दाबली. ठिगळ जसंच्या तसं धरून हाय. भोक दुसरीकडं, ठिगळापासून वीतभर अंतरावर, काट्याएवढं.

आत्या, तुमच्या लेकाला तुमच्या सुनेनं बुडवलं न्हाई. मी बुडवलं. आधी सवयीनं आणि मग लालचेपायी. माझा कसूर तुमी दोन वर्षं तिच्या पदरात घालायलाय, आणि मी घालू दिला. मी येत्या गुरुवारी ट्यूब घेऊन पालमच्या मोटारीनं येतोय. घरात घेऊ नका, मी पारावर बसन. चार माणसं बोलवा, त्यांच्यापुढंबी हेच बोलीन. शिव्या द्यायच्या त्या मला द्या, हात उचलायचा तर माझ्यावर उचला.

दैवशाला, तू माझ्याशी बोलू नकोस, ते मी सोसन. माझं तोंड बघायचं नसंल तर त्या दिवशी आतच राहा. पण ‘मी निवडली’ असं आता कुणापुढं मान खाली घालून म्हणू नकोस. तू चांगलीच निवडली होतीस.

दोन वर्षं तुझ्या आड लपलेला,
लिंबाजी