रविवारचा चिवट चोर

हवामान केंद्र, ३ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र रागाने लिहिते आहे, म्हणून अक्षर चांगलं आलंय. मुलगा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लग्नाला होकार देणार नाही, हे तुम्हीच म्हणालात. या डोंगरावर फोन नाही, रजा नाही, तर रविवारी सकाळी कॉम्प्युटरवर दाखव, हेही तुम्हीच. तेव्हापासून दर रविवारी आमच्या केंद्राचा आचारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसतो, आणि तुम्ही कॉल घेत नाही. पडद्यावर नुसतं येतं की पलीकडून नकार आला. त्याला वाटतं, भाजी करपवल्याचं तुमच्या कानावर गेलं असणार. एकदाच करपली होती हो, आणि तीही मी त्याला बोलण्यात गुंतवलं म्हणून.

महिनाअखेरीला त्याची दुसऱ्या केंद्रावर बदली आहे. त्याआधी लग्नाच्या सह्या झाल्या तर मलाही बरोबर पाठवतील, नाहीतर तो एका डोंगरावर आणि मी दुसऱ्यावर. तुमच्या होकाराशिवाय मी सही करणार नाही. पण न बघताच नापसंत करू नका.

आईला नमस्कार. लोभ शिल्लक आहे की आटला, ते कळवावे.

तुमची
ठकी


५ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही की तोंड दाखवणं नाही. दर रविवारी तुझी आई केस विंचरून कॉम्प्युटरसमोर बसते आणि तशीच उठते. मला फार वाईट वाटतं. ज्याला सासऱ्यासमोर यायची छाती नाही, तो आचारी संसार काय करणार?

असो. मध्यंतरी 'तुम्हाला बक्षिसात मोटार लागली' अशा कुठल्याशा निरोपावर आईने बोट दाबलं आणि कॉम्प्युटर आजारी पडला. वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरबाईंनी तो साफ करून त्यावर फायरवॉल बसवून दिली. ठके, काय चीज आहे! बाहेरचं कोणी आत येऊ लागलं किंवा आतलं कोणी बाहेर निघालं, की ती विचारते, सोडू का अडवू? ज्याने उभा जन्म नाटकाच्या थिएटरच्या दारात काढला आणि प्रत्यक्ष बायकोला तिकिटाशिवाय आत सोडलं नाही, त्याला हे विचारायचं! मी सरसकट अडवतो. बाई म्हणाल्या, ओळखीच्यांना सोडा. पण फुकटे सगळे ओळखीचेच असतात. परवा कॉम्प्युटरचं घड्याळ वेळ जुळवायला बाहेर जायचं म्हणत होतं. त्यालाही अडवलं. आता ते मागे पडतं, पण घरात आहे.

एक चोर मात्र चिवट निघाला. रविवारी सकाळी, ऐन तुझ्या वेळेला, दार ठोठावतो. हाकलला की पुन्हा येतो. आई म्हणते, कोण आहे ते एकदा बघा तरी. तिचं मन मऊ आहे.

आता तरी चार ओळी लिही. आमचा जीव लागून राहिला आहे.

तुझे
बाबा


१२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आपली पत्रं वाटेत चुकामूक करून गेली. तुमचं वाचून हसावं की कपाळावर हात मारावा कळेना, म्हणून दोन्ही केलं. बाबा, तो चोर म्हणजे तुमचा होणारा जावई, आणि त्याची साथीदार मी! फायरवॉल बंद करू नका, पण आमच्या कॉलला तेवढं सोडा. बाईंना विचारून करा.

मात्र आता सोडून तरी काय उपयोग? परवाच्या वादळात इथली इंटरनेटची लाइन पडली. महिनाअखेरीपर्यंत काही ती जोडली जात नाही. तुम्ही त्याला पाहणार कसे आणि मी सही करणार कशी? काल रात्रभर रडले.

त्याला हे सगळं सांगितलं, तर म्हणाला, रविवारी बसू या तरी. लाइन नाही म्हटलं, तर म्हणे, अचानक आली म्हणजे? आणि शर्ट धुवायला गेला.

आईला जवळ घ्या. पुढचं तुमच्या हाती.

तुमची
ठकी


१८ मार्च

आचारीबुवांस,
नमस्कार.

मायना काय घालावा ते ठरेना, म्हणून तूर्त एवढ्यावर भागवून घ्या.

ठकीचं पत्र मी मोठ्याने वाचलं. त्यावर घरात मला जे ऐकावं लागलं ते लिहिण्यासारखं नाही. इंजिनिअरबाईंनी तुमच्या कॉलला वाट करून दिली आहे. लाइन पडली हे ठाऊक असूनही रविवारी आम्ही दोघं बसलो. मी कोट घातला होता. कोणी आलं नाही. नुसतं बसून राहणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

मुलगा पाहिल्याशिवाय होकार नाही, हा माझा शब्द होता, आणि मी शब्द फिरवत नाही. थिएटरच्या दारातून मी खंडीभर माणसं परत धाडली. कोणी शिव्या दिल्या, कोणी मॅनेजरची ओळख सांगितली, कोणी मागच्या दाराने घुसू पाहिलं. पण हाकलून दिल्यावरही दर खेपेला दाढी करून, त्याच दारात, त्याच वेळी, मुकाट्याने येऊन उभा राहणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता. कॅमेऱ्यात याहून जास्त काय दिसणार होतं? चेहरा काय, तो ठकीने पाहिलाच आहे.

तेव्हा मुलगा पाहिला. सह्या करा.

दोघांनी एकमेकांना सांभाळा, आणि आमच्यावर राग धरू नका.

तुमचा
सासरा