रखवालदाराच्या झोकांड्या

४ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

माझा माहितीपट एकदाचा जुळून आला! आपल्या जुन्या स्केटिंग हॉलवरचा. जिथे तू बाबांना ढकलून त्यांचा दात पाडलास, तोच हॉल. आगीचा भाग तर झकास झालाय. तिघांनी कॅमेऱ्यासमोर ठासून सांगितलंय, की रखवालदार भरदुपारी पिऊन पडला होता, म्हणून हॉल जळला. निर्माते म्हणतात, एकदा वकिलाला दाखवा. उभा जन्म वर्तमानपत्राच्या बातम्या छापण्याआधी तपासणारी वकील घरातच असताना बाहेर कशाला जाऊ? फिल्म पाठवतेय. नुसतं ‘छान’ म्हण, खुसपटं काढू नकोस. बाबांचा गुडघा बरा आहे, कुरकुर चालू आहे.

तुझी माया असू दे, कात्री मात्र दूर ठेव.

तुझी
ठमी

११ मार्च

चि. ठमीस अ. आ.

छान! झालं समाधान? आता ऐक. तुझ्या तिघांपैकी दोघांनी ऐकीव सांगितलंय, तेही तिसऱ्या, हॉलसमोरच्या केकवाल्या बाईंकडून ऐकलेलं. बाईंनी पाहिलं काय, तर रखवालदार झोकांड्या खात बाहेर आला. बाटली कुणीच पाहिली नाही. तू म्हणशील, मी कुठे बोलले, ते बोलले. कायदा हे ऐकत नाही गं. दुसऱ्याच्या तोंडून का होईना, चारचौघांत ते दाखवणार तू. उद्या त्याने बदनामीचा दावा लावला, तर ते खरं होतं हे तुलाच सिद्ध करावं लागेल.

पण दाव्याचं राहू दे. तो माणूस हयात आहे ना? त्याला विचारलंस? आधी त्याच्याकडे जा, मग माझ्यावर खुशाल रुस. बाबांना सांग, तो दुधाचा दात होता.

रागावलीस तरी लिहीत जा.

तुझी
आत्या

२ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र रागाने फाडलं आणि मुकाट्याने चिकटवलं. मग रखवालदारांकडे गेले. फिल्मचं नाव काढताच त्यांच्या मुलीने दार लावून घेतलं. ते स्वतःच मागून ओरडले, की अगं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारायला आलंय, येऊ दे तिला.

छतातल्या वायरीने पेट घेतला होता म्हणे. त्यांनी पोरांना बाहेर काढलं, फोन केला आणि नवे कोरे स्केट्स वाचवायला पुन्हा आत शिरले. धुराने गरगरलं, म्हणून त्या झोकांड्या. पुढे त्यांना कुणी रखवालीचं काम दिलं नाही. शाळेत मुलीला पोरं बेवड्याची म्हणून चिडवायची.

नुसत्या त्यांच्या शब्दावर विसंबले नाही, हो! अग्निशमन दलाचे तेव्हाचे प्रमुख गाठले. आग वायरीचीच, असं ते म्हणाले. त्यांनी स्वतः रखवालदारांना धरून बसवलं होतं. दारूचा वासही नव्हता. केकवाल्या बाईंनाही हे सांगितलं. दारूचा तो सगळा भाग कापून टाकलाय. निर्माते फुगलेत. आत्या, मी ते तसंच दाखवलं असतं गं.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझी
ठमी

२० मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.

काल फिल्म दाखवली. रखवालदार कडक इस्त्रीचा शर्ट घालून मुलीसोबत पुढच्या रांगेत बसले होते. दिवे लागल्यावर केकवाल्या बाई उठल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, की मी पाहिलं एक आणि सांगितलं भलतंच, मला माफ करा. रखवालदारांनी कानामागे हात धरला आणि म्हणाले, की मला ऐकू आलं, पण मागच्या रांगेत पोचलं नसेल, जरा मोठ्याने सांगा.

बाईंनी मोठ्याने सांगितलं.

तुझी
ठमी