कापलेलं कडवं

४ सप्टेंबर १९७३, ओव्हिएदो, स्पेन

झालं! गाण्याचे कागद सरकारी सेन्सॉरकडून परत आले. बाकी कडव्यांवर मंजुरीचा शिक्का, तिसऱ्यावर लाल काट. खाणीत गाडलेल्या माणसांचं नाव काढायचं नाही! एलादियो म्हणाला, "नाही गायचं ना? मग नुसतं वाजवू." गाणं त्याचं, गळाही त्याचाच. ड्रमवाला गोयो खो खो हसला. मी कागद घडी करून खिशात घातले.

७ सप्टेंबर

गाढवपणा केलाय. मी कारकून आहे त्या नोटरीच्या कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत, तेच कडवं टाईप केलं. कार्बन घालून तीस प्रती! विद्यापीठाच्या कँटीनमध्ये टेबलाटेबलावर सोडून आलो. सात वर्षं एलादियोच्या मागे उभा राहून बेस गिटार वाजवतोय, मलाही एकदा काहीतरी करून दाखवायचं होतं. एलादियोला पत्ता नाही.

२२ सप्टेंबर

काल सान मातेओची जत्रा. तिसऱ्या कडव्याला एलादियो माइकपासून मागे सरला. आम्ही वाजवत राहिलो — आणि अख्खं मैदान गायला लागलं! शब्द न् शब्द! एलादियो ढसाढसा रडला. "अरे, यांना शिकवलं कोणी?" गोयो ओरडला. मी मान वर केली नाही. खाली पोलीस वहीत लिहीत होते.

२३ सप्टेंबर

जिन्यात पाऊल वाजलं की वाटतं, संपलो.

२५ सप्टेंबर

एलादियोला पोलिसांनी उचललं. कचेऱ्यांतले टाईपरायटर तपासतायत म्हणे. आई म्हणाली, "कंठशोष केला, त्याच्या नादी लागू नकोस म्हणून! तू काही केलं नाहीस ना रे?" मी म्हटलं, "छे!" तिने पुढे काही न विचारता फाबादा, घेवड्याची आमटी, वाढली.

२६ सप्टेंबर

मला चौकीवर बोलावलं. इन्स्पेक्टर गोड बोलतो, त्याचीच जास्त भीती वाटते. "एलादियो म्हणतो, 'प्रती मीच काढल्या.' पण त्याला टाईप येतं कुठे? तुला येतं." म्हणजे एलादियोने ओळखलंय, आणि तरी स्वतःवर घेतलंय! "आम्हाला तोच हवाय. कचेरीची किल्ली त्याने तुझ्याकडून नेली, एवढंच लिहून दे. नाहीतर तू आत. उद्या नऊला ये." घरी येऊन दाराची कडी तीनदा तपासली. देवा, मला मारतील.

२७ सप्टेंबर

सही केली.

घरी आलो तर दारात गोयो उभा होता. गळ्यात पडला. "शनिवारी हिहोनला एलादियोसाठी वाजवायचं. त्याच्या जागी तू गा. त्याला सगळ्यात जवळचा तूच." मी हो म्हटलं.