संताच्या रिकाम्या घरातून

माय,

पाया पडतो. मी बरा आहो. गुडघे डॉक्टरले दाखवाले अनसिंगले गेली होती का?

इथं गोव्यात चर्चची डागडुजी करून राह्यलो. चुन्यानं हात सोलले, पन जेवन चांगलं भेटते. भिंतीत दोन खांबांचं, वर छप्पर असलेलं संताचं लहान देऊळ आहे. त्याले एडिक्युल म्हनतात. फादर म्हने, जुन्या लॅटिन भाषेतला शब्द आहे, अर्थ लहानसं घर.

त्यातली मूर्ती दुरुस्तीले गेली, म्हून दुपारी मी तिथंच पाठ टेकतो.

माही रेणू फोनवर इचारे, "बाबा, तुमचं घर कसं आहे?" तिले सांग, दोन खांब आहेत, छप्पर आहे.

मूर्ती आली का इथलं काम संपते, मी घर खाली करतो अन् तुमच्याकडं निघतो. कवा येते, ते कोनी सांगत नाही.

तुया,
राजपाल