दहा वर्षं दडवलेली चिठ्ठी

रोल्ला, शारजा
२२ मार्च २००१

तीर्थरूप वहिनींना धनंजयचा वाकून नमस्कार.

इथे ऊन तापायला लागलंय. तन्मयची परीक्षा संपली. माझ्या मानेचे टाके काढले, जखम भरतेय. फक्त आवाज गेलाय. ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेला धक्का लागला, परत यायला काही महिने जातील म्हणतात. म्हणून मंगळवारी अनुराधाने फोन केला. संजनाला मुंबईला नेऊन हृदयाची तपासणी करून घ्या, तोवर व्हॉलीबॉल बंद, एवढंच ती बोलली. तुम्ही विचारलंत, "अचानक का?" ती म्हणाली, "हे पत्र लिहितायत." हे ते पत्र. तीनदा फाडून झालंय.

जानेवारीत दाढी करताना जबड्याखाली गाठ लागली. बोट ठेवलं की नाडीसारखी उडायची. डॉ. अजीज म्हणाले, डोक्याकडे रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी तिथे फुग्यासारखी फुगलीय, तेवढा भाग काढावा लागेल. मग त्यांनी विचारलं, "घर में किसी को नसों की ऐसी बीमारी रही है?" अनुराधा शेजारीच बसली होती. मी म्हणालो, "नो डॉक्टर, कोई नहीं."

पायातली शीर काढून फुगलेल्या भागाच्या जागी शिवायची, असं ठरलं होतं. पण रक्तवाहिनीची भिंत इतकी विरलेली निघाली की टाके तिला कापत बाहेर येत होते. तीन तासांचं काम आठ तास चाललं. अनुराधा बाहेर एकटी होती.

मी शुद्धीवर आल्यावर दोन दिवसांनी डॉक्टर खुर्ची ओढून बसले. माझी लांब बोटं हातात घेऊन पाहिली. "सच बताइए," म्हणाले. आवाज नव्हता, म्हणून मी कागदावर लिहिलं: भाऊ, चौतीस वर्षांचा, छातीत रक्तवाहिनी फुटली. ते रागावले नाहीत. "पहले बताते तो मैं दूसरी तैयारी से उतरता," इतकंच म्हणाले. अनुराधाने तो कागद वाचला. तिला आम्ही हार्ट अटॅक सांगितला होता.

वहिनी, तुम्हालाही तेच सांगितलं होतं. मी सांगितलं होतं.

नागेशदादा गेला तेव्हा रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, हा जन्मजात दोष आहे, शरीरातले धागेच कच्चे असतात, उंच अंग आणि लांब बोटं ही त्याची खूण, रक्ताच्या नात्यात उतरतो. भावंडांना आणि मुलीला तपासून घ्या. तसं चिठ्ठीवर लिहूनही दिलं. आणि म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तरी आम्ही काही करू शकलो नसतो.

दोन महिन्यांवर माझं लग्न होतं. इथल्या नोकरीचं मेडिकल व्हायचं होतं. चिठ्ठी मी पासपोर्टच्या पाकिटात सरकवली.

तेराव्याला आई सगळ्यांसमोर म्हणाली, "छातीत दुखतंय म्हणाला, तर हिने ओवा खायला देऊन निजवला. हिने घालवला माझा मुलगा." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी ताटातला भात कालवत राहिलो. एका वाक्याचं काम होतं. नंतर दर सुट्टीत यायचो, तुम्ही खाली मान घालून वाढायचात, आणि मी संजनासाठी चॉकलेटं काढायचो. तिची उंची वाढताना, बोटं दादासारखी होताना मला दिसत होती.

तन्मयचीही तपासणी झाली. हृदयापाशी त्याची रक्तवाहिनी थोडी रुंद आहे. रोजची गोळी सुरू झाली, दर वर्षी बघायचं. वेळेत कळलं, म्हणतात. तो विचारतो, "बाबा, डिड यू नो?" मी मान हलवून हो म्हणतो. अनुराधा औषधं वेळेवर देते, माझ्याशी कामापुरतं बोलते.

संजनाचं काहीही निघालं तरी तिला घेऊन इकडे या किंवा मी येतो. तिच्या बाबतीत उशीर झाला असेल, तर तो माझ्यामुळे.

सोबत आईसाठी वेगळं पाकीट आहे. त्यात हेच सगळं लिहिलंय. तिला दिसत नाही, पण तुम्ही वाचून दाखवू नका. अनिलमामांना बोलवा. तेराव्याच्या पंगतीत होते त्यांतले जे गावात असतील, त्यांनाही बोलवा. मामा वाचतील तेव्हा तुम्ही आत चहा करायला उठू नका. समोर बसा, मान वर करून.

माफ करा असं लिहायला हात धजत नाही.

तुम्हाला वहिनी म्हणायचा हक्क गमावलेला,
धनंजय