चौकाबाहेरची भिंत

तलासरी
४ मार्च २०२५

ती. दक्षाताईस,
योगिताचा शि. सा. न.

तुझे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत, राग मानू नकोस. नितीनच्या अपघाताची बातमी फोनवरच आली होती. तेव्हापासून तो कानाला लावला की पुढचं ऐकू येत नाही. आश्रमशाळेत असताना आपण घरी पत्रं लिहायचो, तसं लिहिते आहे. आता तू स्वतः वाणगावला मास्तरीण झाली आहेस, म्हणून मायन्यावर लाल शाई लावू नकोस.

घरी सगळे आहेत तसे आहेत. सासऱ्यांचा खोकला थांबत नाही. नणंद भारतीचं लग्न ठरलं, अठ्ठावीस एप्रिल. मुलगा चिखल्याचा आहे, समुद्राकडचा. भारती म्हणते, आता बोंबील निवडायला शिकावं लागणार.

खरी गोष्ट वेगळीच आहे. माझ्या चित्रकलेच्या पुढच्या पदवीसाठी नितीनने दिवाळीआधी दोन अर्ज भरले होते, एक वडोदऱ्याला आणि एक मुंबईला. सोबत पाड्यातल्या लग्नांत आम्ही भिंतीवर काढलेल्या चौकांचे दहा फोटो जोडले होते. प्रत्येक फोटोपुढे चित्र कोणाचं ते लिहायचं होतं. मी खरं ते लिहिलं. लाडकी, रूपी, निलम, योगिता. लाडकी म्हणजे माझी सासू, तिला मी आय म्हणते. चौक आम्ही चौघी मिळूनच काढायचो. आता दोन्हीकडून विचारणा आली आहे की यात तुमचं नेमकं काय? फक्त स्वतःच्या हातची दहा चित्रं दहा मेपर्यंत पाठवा.

ताई, नितीन जाऊन चार महिने झाले, तेव्हापासून मी तांदळाच्या पिठात काडी बुडवलेली नाही. आणि लग्नाचा चौक सवाशिणीनेच काढायचा, हे तुला सांगायला नको. परवा आयने रूपीकाकी आणि शेजारच्या निलमला बोलावून भारतीच्या चौकाचं ठरवलं. मी तिथेच बसले होते. माझ्याकडे न बघता ती म्हणाली की योगिता तांदूळ कुटून देईल. वाईट बोलली नाही. आवाज फार मऊ होता, तेच सहन झालं नाही.

जिला घरच्या भिंतीला हात लावता येत नाही, तिने दुसऱ्या गावी जाऊन काय काढायचं? दोन्हीकडे नाही म्हणून कळवावं असं वाटतं. तुझं मत लिही.

माझी काळजी करू नकोस, पण मला विसरूही नकोस.

तुझी धाकटी,
योगिता


वाणगाव
१३ मार्च २०२५

चि. योगितास,
अनेक उ. आ.

पत्र मिळालं. मायना बरोबर आहे. पूर्णविराम चार ठिकाणी विसरलीस, ते सोडून दिलं.

चौघींची नावं लिहिलीस! अगं बाई, परीक्षेच्या पेपरावरही शेजारणीचं नाव घालायचीस का? मी शिक्षकखोलीत हसले आणि मग मला रडू आलं. सोबतच्या संदीप सरांनी विचारलं काय झालं, तर डोळ्यात खडू गेला म्हणून सांगितलं.

आता माझं ऐक. नाही म्हणून कळवायचं नाही. मुंबईला जा. पहिली पदवी तिथेच घेतलीस, वसतिगृह माहीत आहे, शनिवारी घरी येता येईल. वडोदरा लांब आहे, तिथे आपलं कुणी नाही. तुला गुजराती येतं हे मला माहीत आहे. पण बाजारात भाव पाडण्यापुरतं येणं वेगळं आणि तापात पडल्यावर पाणी मागण्यापुरतं येणं वेगळं.

आणि चित्रांचं म्हणशील, तर चौक कागदावर काढ. पुरुष मंडळी कॅनव्हासवर काढून विकतात, त्यांना कोण विचारतं सवाशीण आहेस का? कागद म्हणजे भिंत नव्हे. घरात कुणाला सांगू नकोस, दार लावून काढ. कॉलेजवाले काही नवरा आहे का म्हणून बघायला येणार नाहीत. हे कठोर वाटेल. तुझी बहीण आहे म्हणून लिहिते.

वेळेवर जेवत जा. मी आहे, हे रोज एकदा आठव.

तुझी ताई,
दक्षा


तलासरी
२ एप्रिल २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

तू सांगितलंस तसं केलं. करायला नको होतं.

नितीन घोलवडहून टेम्पोत चिकू भरायचा, तेव्हा माझ्यासाठी खोक्यांचे पुठ्ठे आणायचा. ते अजून माळ्यावर आहेत. त्यातल्या एकाला गेरू लावला आणि दार ओढून बसले. चौकाच्या कडा काढल्या, साखळ्या काढल्या, चारी कोपरे भरले. मधे लग्नाची पालघट देवी काढायची वेळ आली आणि हात उचलेना. कितीतरी वेळ काडी नुसती धरून बसले. टोकावरचं पीठ वाळून गेलं.

आय दार ढकलून आत आली. मला वाटलं ओरडेल. तिने तांब्याभर पाणी घेतलं आणि बाळाचं तोंड पुसावं तसा तो पुठ्ठा हळूहळू पुसून काढला. मग एवढंच म्हणाली की पोरीचं लग्न व्हायचंय, आता असं नको.

ताई, तिचं काय चुकलं? एक मुलगा गेला, एक मुलगी राहिली आहे. भारतीच्या संसारात उद्या काही कमीजास्त झालं, तर मला तो पुठ्ठाच आठवेल. सासरे खोकतात तेव्हा आय आधी स्वतःच्या हातांकडे बघते, हे मी पाहिलं आहे. तिलाही भीती आहे, उद्या तिचाही हात चौकावरून जाईल. माझ्यामुळे तिला आणखी भीती नको.

मी कुठेच जाणार नाही. मुंबई नाही, वडोदरा नाही. अंगणवाडीत मदतनीस लागणार आहे असं निलम म्हणत होती, तिथे विचारते. मला चित्र नको आहे. सकाळी डोळे उघडतात आणि कशासाठी उघडले ते कळत नाही. हे तुला लिहू नये असं वाटत होतं, पण दुसऱ्या कुणाला लिहू?

पत्र फाडून टाक. माया मात्र ठेव.

योगिता


तलासरी
१९ एप्रिल २०२५

दक्षा पोरीला,
लाडकीचा राम राम.

हे भारती लिहिते आहे, आय बोलते तसं.

तू भारतीला लिहिलंस ते तिने मला वाचून दाखवलं. योगिताचं मन मोडलं, ते मलाही दिसतं. ती तांदूळ कुटते, भांडी घासते, बोलत नाय. पण तो पुठ्ठा शिकण्यासाठी कॉलेजला पाठवायचा होता, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तू तिला लपून काढायला सांगितलंस. चोरून काय चौक काढतात? तू मास्तरीण, पण हे तुला कळलं नाय. तिची मोठी बहीण आहेस म्हणून जास्त बोलत नाय.

मी पुसला ते बरोबर केलं. परत पुसेन. तो कायदा माझा नाय, माझ्या आयच्या आयचा आहे.

पण मी भारतीला विचारलं, त्या कॉलेजला चौकच पाहिजे का? ती म्हणाली, नाय, तिच्या हातचं काही पण चालतं. मग रडता कशाला गं दोघी? भिंतीवर चौक केवढा असतो? हात पसरले एवढा. बाकीची भिंत कुणाची? ताडाची झाडं, कोंबड्या, तारपा वाजवणारा, नाचाचा गोल, हे सगळं योगिताच काढायची. मला तर कोंबडी काढता येत नाय, माझी कोंबडी बकरीसारखी होते. रूपी हसते. त्या चार नावांत चौक आमचा होता, रान हिचं होतं. हे तिला पण ठाऊक नाय.

काल मी तिला भिंतीपुढे बसवली. सांगितलं, मधली जागा माझी, तिकडे बघू नको. बाहेरचं काढ. सवाशिणीचं बंधन चौकाला आहे, रानाला नाय. ती दुपारपर्यंत नुसती बसली. मी पण बसले. मग तिने एक कोंबडी काढली आणि खूप रडली. नितीन गेला तेव्हा पण इतकी रडली नव्हती. मी रडू दिली.

लग्नाला ये. मुंबई की वडोदरा ते तिला ठरवू दे, तू मधे बोलू नको. मला वडोदरा कुठे ते माहीत नाय.

तुझ्या घरी सुख राहो.

लाडकी
(वहिनीने कोंबडीच्या मागे सूर्य पण काढला आहे. भारती.)


तलासरी
९ मे २०२५

ती. ताईस,
शि. सा. न.

लग्नात धड बोलता आलं नाही. तू मात्र चौकाबाहेर तुझं चित्र काढलं होतं, त्यावरून रूपीकाकीशी भांडलीस, की पोट एवढं मोठं का काढलं. ते मी काढलं होतं, काकीने नाही.

आज दहा चित्रं पाठवली. सगळी चिकूच्या पुठ्ठ्यांवर. प्रत्येकात सगळं बाहेरचं आहे आणि मधे चौकोनी जागा नुसत्या गेरूची, कोरी. दहाव्यात हायवे आहे, टेम्पो आहे, मागे खोकी रचलेली आहेत. रस्ता त्या कोऱ्या जागेपर्यंत जातो आणि तिथे थांबतो. ते काढताना आय शेजारी बसून होती. तिने टेम्पो ओळखला. उठून चूल पेटवायला गेली.

फक्त वडोदऱ्याला पाठवली. मुंबईला नाही. तुला वाईट वाटेल. मुंबईहून मी दर शनिवारी येईन आणि त्या भिंतीपुढे बसेन, मला माहीत आहे. आजारी पडले तर पाणी मागण्यापुरतं गुजराती शिकून घेते. घेतील की नाही ते जूनमध्ये कळेल. सकाळी जड जातं ते जातंच.

चित्र कोणाचं, तिथे या वेळी एकच नाव लिहिलं. दहा वेळा. ताई, चित्रं काढण्यापेक्षा ते कठीण गेलं. लिहून झालं की वाटायचं, कुणीतरी राहिलं.

आय तांदूळ कुटते आहे. मी सांगितलं की अजून काही ठरलेलं नाही आणि वडोदऱ्यालाही तांदूळ मिळतो. तिला ते पटत नाही. पिठाची पुरचुंडी बांधून ठेवली आहे, गेरूही दिला आहे. बांबूची काडी तेवढी दिली नाही. मी मागितली तर म्हणाली, काडीचं टोक ज्याचं त्याने चावून मऊ करायचं असतं.

आशीर्वाद दे. थोडा आयलाही दे, ती मागणार नाही.

तुझी,
योगिता